ठाणे-नवी मुंबईतल्या भूलतज्ज्ञांना खुलं पत्र: आदल्या संध्याकाळी दहा मिनिटं येऊन बसाल का?

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबईतले सगळे भूलतज्ज्ञ डॉक्टर, आणि ज्यांच्या हॉस्पिटलात, नर्सिंग होममध्ये ते येतात ते मालक-चालक डॉक्टर,

सप्रेम नमस्कार.

मी डॉक्टर नाही, नर्सही नाही, पाचपाखाडीला एका बँकेत कॅश काउंटरला बसते आणि वर्तकनगरला राहते. पत्र लिहायचं कारण एक वाक्य आहे जे दोन वर्षं डोक्यातून जात नाहीये. माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, दुर्बिणीतून, खडे होते, आणि झाल्यावर सर्जननी बाहेर येऊन माझ्या नवऱ्याला सांगितलं, "सगळं मस्त झालंय, फक्त मॅडमना भूल जरा जास्तच लागली, घाबरट आहेत का?" नवरा हसला, म्हणाला हो पहिल्यापासूनच. झालं. त्या दिवसापासून फॅमिली ग्रुपवर माझं नाव डबल डोस, दिवाळीत भाऊ म्हणे ताईला चकली पण डबल डोस द्या. मी पण हसले, हसण्यासारखंच होतं, पण मनात एक राहून गेलं की भूल जास्त लागली म्हणजे नक्की काय झालं, आणि घाबरण्याचा त्याच्याशी खरंच काही संबंध असतो का, की सर्जन आपलं बोलायचं म्हणून बोलले.

संबंध असतो. तेच सांगायला हे पत्र, आणि तुम्हाला ते माझ्यापेक्षा हजारपट जास्त माहितीये हे मला कळतं, पण मग माहिती असून कोणी विचारलं का नाही हा माझा प्रश्न आहे.

आधी तो दिवस सांगते. रात्री बारानंतर पाणीसुद्धा नाही असं सांगितलेलं, ऑपरेशन सकाळी आठला लावलेलं, आधीची केस लांबली आणि मला आत नेलं दीड वाजता. साडेतेरा तास घोटभर पाणी नाही. नंतर कळलं की साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं आणि हलकं खाणं सहा तास आधीपर्यंत, आणि हे भूलतज्ज्ञांच्याच संघटनांच्या गाइडलाइनमध्ये लिहिलेलं आहे, पण आपल्याकडे रात्रीचे बारा हा मुहूर्त ठरलेला आहे, ऑपरेशन सकाळी असो नाहीतर दुपारी. वॉर्डातल्या टीव्हीवर न्यूज चॅनल लावलेलं, कुठेतरी अपघात झालेला, तेच तेच दाखवत होते आणि रिमोट कोणाकडे आहे ते कोणालाच माहीत नाही. सिस्टर सलाईनची सुई लावायला आल्या, माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "अगंबाई, किती गार पडलेत हात." एकदा टोचलं, शीर मिळाली नाही, मनगटाजवळ दुसऱ्यांदा टोचलं. चापट्या मारून शीर वर येते का बघत होत्या आणि मी त्यांच्या केसात माळलेल्या अबोलीच्या गजऱ्याकडे बघत होते कारण हाताकडे बघायची हिंमत नव्हती. बीपी घेतलं तर 170/100. मला बीपी नाही हो, कधीच नव्हतं. त्यांनी फाईलवर लिहिलं आणि गेल्या. आता विचार करते तर त्या पंधरा मिनिटात गार हात, आत गेलेल्या शिरा, चढलेलं बीपी, सगळ्या खुणा समोर होत्या, त्या कागदावर पण आल्या, फक्त एक शब्द कोणी लिहिला नाही, की बाई घाबरलीये.

आत ओटीमध्ये डोक्यावर तो मोठा गोल दिवा, स्टीलचे ट्रे आपटल्याचे आवाज, कोणीतरी घोडबंदरच्या ट्रॅफिकला शिव्या देत होतं. टोपी आणि मास्कच्या मधून दोन डोळे माझ्यावर वाकले. ते भूलतज्ज्ञ. आमची पहिली भेट. दात हलतात का, कसली ॲलर्जी आहे का, आधी कधी भूल घेतलीये का, तोंड उघडा, मान मागे करा, असं सगळं मिनिटभरात झालं. मी "डॉक्टर, मला ना" एवढं बोलले आणि तेवढ्यात ते दुधासारखं पांढरं औषध सलाईनच्या नळीतून आत यायला लागलं, हात चुरचुरला आणि पुढचं काही आठवत नाही. म्हणजे माझं ते वाक्य अजून अर्धवटच आहे. ते सकाळपासून सांगायचं होतं, की मला मध्येच जाग आली तर?

यात त्या डॉक्टरांचा अपमान करायचा नाहीये, त्यांनी मला नीट झोपवलं आणि नीट उठवलं, मी आज इथे लिहितेय ती त्यांच्यामुळेच. हॉस्पिटलचं नाव पण घेणार नाही कारण ठाण्यात जितक्या जणांशी बोलले त्यातल्या बहुतेकांची हीच कथा आहे, फक्त गजऱ्याचं फूल वेगळं.

माझ्या मैत्रिणीची मुलगी भूलशास्त्रात एमडी करतेय, तिला पकडून बसवलं. ती म्हणाली मावशी, भूल वजनावर ठरते हे अर्धंच खरं. तुला दिलं ते पांढरं औषध म्हणजे प्रोपोफॉल, मोठ्या माणसाला झोपवायला किलोमागे दीड ते अडीच मिलिग्रॅम लागतं. मी बँकेतली, लगेच हिशोब केला, माझं वजन 64, म्हणजे 96 पासून 160 पर्यंत. एवढा मोठा फरक? ती म्हणाली हो, आणि तो फरक वय, तब्येत, सवयी, बाकीची औषधं आणि माणूस टेबलवर कुठल्या अवस्थेत येतो यावर जातो, म्हणून आम्ही ठरलेला आकडा ढकलत नाही, बघत बघत देतो. भीती वाटली की ॲड्रिनलिन सुटतं, हृदय जोरात पंप करायला लागतं, मेंदू टक्क जागा असतो. आपल्या बेसिनचा नळ बारीक असला की साबणाचा फेस हातावर टिकतो आणि नळ जोरात सोडला की भसकन वाहून जातो, तसं रक्त जोरात फिरत असलं की शिरेतून दिलेलं औषध मेंदूपर्यंत पातळ होऊन पोचतं आणि तिथून लवकर पुढे जातं. बीपी, पल्स तर बघतोच, काही ठिकाणी कपाळाला पट्टी लावून मेंदूच्या लहरी मोजायचं बीआयएस मशीन असतं, शंभर म्हणजे टक्क जागा आणि ऑपरेशनला 40 ते 60 मध्ये ठेवायचं. म्हणजे जास्त लागलं तर आम्हाला कळतं आणि आम्ही देतो.

मग प्रॉब्लेम काय, मी विचारलं. तर म्हणाली प्रॉब्लेम असा की जास्त औषधाची किंमत असते. झोप लागल्यावर भीती एकदम ओसरते, औषध मात्र अंगात असतं, त्यामुळे बीपी धाडकन खाली यायची शक्यता जास्त. आणि भीतीचा हिशोब ऑपरेशनबरोबर संपत नाही, आधी खूप घाबरलेल्या माणसाला नंतर दुखतं पण जास्त आणि वेदनाशामक पण जास्त लागतात, हे बऱ्याच अभ्यासांमध्ये दिसलंय.

मग तिने मला वाचायला दिलं आणि मी वाचलं. दुपारी लंच टाइममध्ये डबा खाता खाता, इंग्रजी डिक्शनरी घेऊन. 1999 सालचा एक अभ्यास आहे, अमेरिकेत येल विद्यापीठाच्या झीव्ह केन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. 57 बायका, सगळ्यांचं दुर्बिणीतून कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन, म्हणजे सगळ्यांना साधारण एकच प्रकार, सगळ्यांना प्रोपोफॉल आणि सगळ्यांची झोप त्या बीआयएस मशीनवर मोजलेली. ज्यांचा स्वभावच काळजी करायचा होता त्यांना झोपवायलाही जास्त औषध लागलं आणि झोपेत ठेवायलाही.

आता इथे एक गोची आहे आणि ती लपवली तर तुम्ही मला दोन मिनिटात पकडाल. त्या अभ्यासात संबंध दिसला तो मूळच्या काळजीखोर स्वभावाशी, त्या दिवशीच्या घबराटीशी नाही. म्हणजे सर्जन "घाबरट आहेत का" म्हणाले आणि नवरा "पहिल्यापासूनच" म्हणाला त्यातलं नवऱ्याचं उत्तर शास्त्राच्या जास्त जवळचं निघालं, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. आणि सगळे अभ्यास एकाच दिशेने बोलत नाहीत हेही खरंय. पण मी म्हणते, यातून तर विचारायची गरज उलट वाढते. बीपी मशीनवर दिसतं, शुगर रिपोर्टमध्ये येते, माणूस मूळचा काळजीखोर आहे का हे कुठल्या ट्यूबमध्ये रक्त भरून पाठवणार? ते त्याच्याशी बोलल्याशिवाय कळायचंच नाही, आणि ओटीच्या टेबलवर मिनिटभरात तर नाहीच नाही.

तुम्ही म्हणाल आम्ही गोळी देतो की आदल्या रात्री, शांत झोप लागते. 2015 मध्ये फ्रान्सचा एक अभ्यास छापून आला, पाच हॉस्पिटलांत मिळून 1062 पेशंटवर असंच करून बघितलेलं, काहींना ऑपरेशनच्या आधी लोराझेपामची गोळी, काहींना नुसती खोटी गोळी, काहींना काहीच नाही. गोळीवाल्यांना एकंदर अनुभव काही जास्त चांगला वाटला नाही, घशातली नळी काढायला मात्र उशीर झाला. आणि त्याच्याही कितीतरी आधी, 1963 साली, बॉस्टनमध्ये एगबर्ट नावाच्या भूलतज्ज्ञाने गोळी विरुद्ध भेट अशी तुलना केलेली आहे. झोपेचं औषध दिलेले पेशंट पेंगुळलेले होते पण शांत नव्हते. ज्यांना आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ नुसता भेटून बोलून गेला होता ते पेंगुळलेले नव्हते आणि शांत होते. पुढच्या वर्षी, 1964 ला, त्याच एगबर्टने पोटाच्या ऑपरेशनचे 97 पेशंट घेतले, त्यातल्या साधारण निम्म्यांना भूलतज्ज्ञाने आधी बसून सांगितलं की उठल्यावर कुठे दुखेल, किती दिवस दुखेल, कसं वळायचं, स्नायू सैल कसे सोडायचे, आणि नंतर पण येऊन बघत राहिला. कोण कुठल्या गटात आहे हे सर्जननाही माहीत नव्हतं. बोललेल्या गटाला मॉर्फिनसारखी वेदनाशामक औषधं जवळपास निम्मीच लागली आणि सरासरी 2.7 दिवस आधी घरी सोडलं. 1964! माझा जन्म पण झाला नव्हता. तेव्हापासून हे छापलेलं आहे आणि आम्हाला अजून "टेन्शन घेऊ नका" एवढंच मिळतं. टेन्शन घेऊ नका हे वाक्य ओटीबाहेर बोर्ड लावून बंद केलं पाहिजे असं माझं मत आहे, ते ऐकून आजपर्यंत एकाही माणसाचं टेन्शन गेलेलं नाही.

आता दुसरा अनुभव सांगते म्हणजे मी नुसती रडगाणं गात नाहीये हे कळेल. गेल्या वर्षी आईचा गुडघा बदलला, नवी मुंबईतल्या एका हॉस्पिटलात कारण भाऊ ऐरोलीला राहतो. वय 71. आदल्या संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला एक डॉक्टर आले, साधा शर्ट, मास्क नाही, म्हणाले मी उद्या भूल देणार आहे. आणि पेशंटच्या नातेवाइकांसाठी असतं ते स्टूल ओढून बसले. बसले हो! उभं राहून फाईल चाळणाऱ्या डॉक्टरशी आणि बसलेल्या डॉक्टरशी माणूस वेगळंच बोलतो, काउंटरला पण तसंच आहे, मान वर करून "बोला काकू" म्हटलं की काकू खरं काम सांगतात. मग आम्हाला म्हणाले, तुम्ही सगळे जरा बाहेर थांबा. आम्ही तिघं बाहेर, भावजयीला जरा राग पण आला.

आत काय बोलणं झालं ते आईनेच नंतर सांगितलं, डिस्चार्ज मिळाल्यावर गाडीत, ऐरोलीचा पूल लागला तेव्हा. एक, ती सकाळी मशेरी लावते. आम्हाला सगळ्यांना माहितीये, ती लपवते, आम्ही माहीत नसल्यासारखं करतो, असं तीस वर्षं चाललंय. दोन, बाबा गेल्यापासून ती त्यांच्या उरलेल्या पाकिटातली झोपेची गोळी अर्धी अर्धी घेत होती आणि संपल्यावर केमिस्टकडून आणायला लागली. हे आम्हाला खरंच माहीत नव्हतं, फाईलमध्ये "सध्याची औषधं" समोर आम्ही बीपीची गोळी आणि कॅल्शियम लिहून सही करून मोकळे झालो होतो. तीन, तिची थोरली बहीण खूप वर्षांपूर्वी गावाकडे ऑपरेशनला गेली ती परत आलीच नाही, आणि आईच्या डोक्यात पक्कं होतं की भुलीनेच गेली.

यातलं एक जरी आमच्या समोर विचारलं असतं ना तर आईने नाही म्हणूनच सांगितलं असतं. आणि हे काही भावनिक गप्पा नाहीत, रोज झोपेची गोळी घेणाऱ्याचं शरीर त्या जातीच्या औषधाला सरावलेलं असतं, तुम्हाला ते माहीत असावं लागतं. दारूचं तर विचारूच नका. रोज पिणाऱ्याला भूल जास्त लागते हे तुम्ही जाणता, पण विचारता कधी, तर बायको, मेहुणा आणि सासू पलंगाभोवती उभे असताना, "ड्रिंक्स वगैरे?" तो काय सांगणार? कधीतरी, सणासुदीला. रोज क्वार्टर लागते हे कोण सांगणार सासूसमोर. तीच गत गुटख्याची, तोंडात तीन बोटं मावतात का बघता तुम्ही कारण नळी घालायची असते, पण तोंड का उघडायला सांगताय ते कोणी सांगत नाही, लोकांना वाटतं दात मोजतायत.

तर आईला त्यांनी सांगितलं, मावशी, कमरेतून इंजेक्शन देणार, पाय गरम वाटतील, मग जड होतील, तुमचे नाहीतच असं वाटेल, तीन-चार तासांनी परत येतील. हलकी झोप पण देईन. मध्ये ठोकाठोकीचा आवाज आला तर घाबरायचं नाही, सुताराचंच काम आहे ते, आवाज येणारच. आईने विचारलं, आणि तुम्ही सुई देऊन जाणार ना? तेव्हा ते म्हणाले, "कुठे जाणार? मी तुमच्या डोक्याशीच बसणार, शेवटपर्यंत. चहालाही जात नाही." डॉक्टर लोकहो, हे एक वाक्य जरी ठाण्यातल्या प्रत्येक पेशंटला सांगितलंत ना तरी पुष्कळ होईल, कारण आम्हाला कोणालाच माहीत नसतं की तुम्ही थांबता. मी माझ्या ब्रँचमध्ये विचारून बघितलं, नऊ जणांपैकी सात जणांना वाटत होतं की भूलवाला डॉक्टर इंजेक्शन देतो आणि पुढच्या हॉस्पिटलला जातो, मग सर्जन बघतो. बहीण गेली त्याचं काय बोलले ते आई सांगत नाही, म्हणाली बोलले ते बरोबर बोलले.

सकाळी आईचे हात गार होते का? मी धरून बघितले, नव्हते. एका आईवरून मी सिद्धांत मांडत नाहीये, तिची भूल वेगळी, ऑपरेशन वेगळं, ती तशीही माझ्यापेक्षा खमकी आहे. पण सिस्टरना शीर पहिल्या फटक्यात मिळाली एवढं मी डोळ्याने बघितलं.

आता तुमची बाजू. ती पण मैत्रिणीच्या मुलीनेच सांगितली आणि मला पटली. ठाण्यातल्या लहान नर्सिंग होममध्ये भूलतज्ज्ञ नोकरीला नसतो, त्याला फोन जातो, सकाळी नौपाड्यात सीझर, मग कोपरीला हर्निया, दुपारी मानपाड्याला फ्रॅक्चर, मध्ये तीन हात नाक्याला सिग्नलला वीस मिनिटं. आदल्या संध्याकाळी पेशंटला भेटायला यायचं तर त्याचे पैसे कोणी देत नाही. पॅकेजमध्ये रूम भाडं असतं, ओटी चार्ज असतो, ग्लोव्हजसुद्धा मोजून लावलेले असतात, भूलतज्ज्ञाने येऊन बोलणं हा आयटमच नसतो. म्हणून हे पत्र नुसतं तुम्हाला नाही, नर्सिंग होमच्या मालकांना पण आहे. फिजिशियनचा फिटनेस घेता तुम्ही, ईसीजी, छातीचा फोटो, त्याचं बिल लावता, आम्ही भरतो. भूलतज्ज्ञाच्या भेटीचं पण लावा, भरू. वाटल्यास नुसता व्हिडिओ कॉल करा आदल्या संध्याकाळी, घोडबंदरला अडकलेल्या माणसाला पण फोनवर बोलता येतं. फक्त जो उद्या भूल देणार त्यानेच करा, रिसेप्शनवरच्या मुलीने नको, आणि नातेवाइकांना बाहेर काढून करा.

एक छोटा फॉर्म पण आहे, मी शोधून काढला नाही, तुमच्याच लोकांनी केलेला आहे, 1996 साली नेदरलँड्समध्ये. सहा वाक्यं, प्रत्येकाला एक ते पाच मार्क. मला भुलीची काळजी वाटते, भुलीचा विचार सतत डोक्यात असतो, भुलीबद्दल जेवढं कळेल तेवढं जाणून घ्यायचंय, आणि हेच तिन्ही ऑपरेशनबद्दल. साध्या मराठीत अर्ध्या पानात बसेल. माझ्या वेळी अकरा ठिकाणी सह्या घेतल्या, मी मोजल्या, सगळं इंग्रजीत, आधार कार्डाची झेरॉक्स तीनदा घेतली. आमची केवायसी परवडली.

त्या फॉर्ममधली "जाणून घ्यायचंय" वाली दोन वाक्यं मला सगळ्यात आवडली, कारण सगळ्यांना सगळं ऐकायचं नसतं हे त्यात धरलेलं आहे. माझा दीर असा आहे, त्याला सांगायला गेलात तर कान झाकेल. मी उलट, मला सुईची लांबी पण सांगा. विचारल्याशिवाय कसं कळणार कोण कुठला?

नाहीतर आपल्याकडची पद्धत आहेच, "त्यांना काही सांगू नका, टेन्शन घेतील." आजोबांना चेकअपला नेतो म्हणून नेलं आणि ॲडमिट केलं, हे ऐकलंय ना तुम्ही? हे फक्त आपणच करतो असं मला वाटायचं. अमेरिकेत क्लीव्हलँडला जॉर्ज क्राइल नावाचे मोठे सर्जन होते, साधारण शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट, थायरॉइड वाढलेल्या पेशंटना भीतीनेच जिवाला धोका व्हायचा हे त्यांनी ओळखलं होतं. मग ते काय करायचे, पेशंटला ऑपरेशन कधी ते सांगायचेच नाहीत, रोज खोलीत येऊन वाफ घ्यायची ट्रीटमेंट म्हणून मास्क लावायचे आणि एक दिवस त्याच मास्कमधून खरी भूल. याला चक्क गलगंड चोरणं म्हणायचे. माणूस हुशार होता, भीती हे शरीरावर होणारं काहीतरी आहे हे त्याला तेव्हा कळलं. पण उपाय आमच्या काकांसारखा, चोरून. आज ते चालणार नाही, 2008 च्या समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की पेशंटला पुरेशी माहिती देऊन मगच संमती घ्यायची, आणि सहीच्या कागदाने भीती कमी होत नाही हे वेगळंच.

आणि माझं अर्धवट राहिलेलं वाक्य, त्याचं उत्तर मला दोन वर्षांनी वाचून मिळालं. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये याचीच पाहणी झाली होती, 2014 ला अहवाल आला, मध्येच जाग आल्याचं पेशंटने स्वतःहून सांगितलेली प्रकरणं साधारण 19,000 भुलींमागे एक. एवढंच कोणीतरी आदल्या संध्याकाळी सांगितलं असतं. मला आकडे समजतात हो, दिवसभर तेच मोजते.

आईचा दुसरा गुडघा दिवाळीनंतर आहे. यावेळी ठाण्यातच करायचं चाललंय, कोण भूल देणार माहीत नाही. फाईलच्या पहिल्या पानावर मी पेनने मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं, मशेरी, झोपेची अर्धी गोळी, घाबरते. लपवाछपवी आता तिनेच संपवलीये. काल तिने चष्मा लावून ते वाचलं, पेन मागितलं नाही, मलाच म्हणाली, "ते घाबरते खोड आणि विचारून घेते असं लिही, आणि स्टूल आहे का बघ त्यांच्याकडे."

आपली,
भूल जास्त लागलेली एक पेशंट,
वर्तकनगर, ठाणे